सत्त्याण्णव सह्या आणि एक टेनिस कोर्ट

वाचकांचे प्रश्न या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली. दोन अमेरिकेतून आली आहेत आणि एक पुण्याहून. तिन्ही पत्रांत सदस्यांनी सह्या गोळा केल्या आहेत किंवा करण्याच्या बेतात आहेत, आणि तिघांनाही त्या सह्यांचे वजन नेमके किती, हे जाणून घ्यायचे आहे.

प्रश्न १

सप्रेम नमस्कार. आम्ही सहा वर्षांपासून फ्लोरिडात टँपाजवळ १८० घरांच्या वसाहतीत राहतो. वसाहतीचा कारभार घरमालकांची संघटना, म्हणजे एचओए पाहते आणि तिच्या बोर्डावर पाच जण आहेत. वसाहतीत एकच टेनिस कोर्ट आहे. शनिवारी सकाळी आमची मुले तिथे टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात, एरवी काही मंडळी टेनिसही खेळतात. बोर्डाने ते कोर्ट मोडून तिथे पिकलबॉलची, म्हणजे टेनिससारख्याच पण लहान कोर्टावरच्या खेळाची, चार कोर्टे करायचे ठरवले. आम्ही दारोदार फिरून ९७ सह्या जमवल्या आणि ठराव रद्द करावा असे निवेदन दिले. बेचाळिसाव्या दिवशी बैठक झाली, बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटे मिळाली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आपले म्हणणे ऐकून घेतले, आभारी आहोत," आणि टपालपेट्यांच्या रंगाचा पुढचा विषय पुकारला. १८० घरांत ९७ सह्या म्हणजे निम्म्याहून अधिक. बहुमताचे असे काही बंधन बोर्डावर नाही काय? आमच्या गिरगावच्या सोसायटीत असे कोणी केले असते तर पुढच्या सभेत त्याची धडगत नव्हती.
एक वाचक, टँपा परिसर

उत्तर

सह्यांच्या पानांची छायाप्रत आपण सोबत जोडलीत हे बरे झाले, कारण उत्तराची सुरुवात त्या पानांपासूनच करावी लागेल. पानांवरचे घरक्रमांक मोजले तेव्हा असे दिसले की ३३ घरांतून पती आणि पत्नी दोघांनीही सही केली आहे, २८ घरांतून एकेकच सही आहे, आणि तीन सह्या भाडेकरूंच्या आहेत. एचओएमध्ये मत सामान्यतः माणसाला नसून घराला असते, आणि तेही मालकाच्या नावे. म्हणजे आपल्या ९७ सह्या मतांच्या भाषेत ६१ घरांच्या झाल्या आणि भाडेकरूंच्या तीन सह्या हिशेबात धरताच येत नाहीत. १८० पैकी ६१ म्हणजे एक-तृतीयांशाहून थोडे अधिक. तेव्हा बहुमत मुळात आपल्या बाजूला नव्हते, निदान त्या कागदावर तरी नव्हते. हे कटू वाटेल, पण वकिलाच्या कचेरीत पहिल्या पाच मिनिटांत हेच ऐकायला मिळाले असते आणि त्याची फीही द्यावी लागली असती.

आता समजा, ६१ ऐवजी १२० घरांच्या सह्या असत्या तर? तरीही त्या निवेदनाने ठराव रद्द झाला नसता, आणि या उत्तराचा खरा गाभा इथे आहे.

फ्लोरिडाच्या कायद्यातील ७२० वे प्रकरण एचओएंसाठी आहे. त्यातील कलम ७२०.३०३ मध्ये सदस्यांच्या निवेदनाची तरतूद आहे. एकूण मतांपैकी २० टक्के मतांच्या सदस्यांनी एखादा विषय घेण्याविषयी बोर्डाकडे निवेदन दिले, तर बोर्डाने तो विषय पुढच्या नियमित बैठकीत किंवा त्यासाठी बोलावलेल्या विशेष बैठकीत, निवेदन मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा लागतो. त्या बैठकीची सूचना सर्व सदस्यांना १४ दिवस आधी द्यावी लागते. बोलण्यासाठी आगाऊ नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक सदस्याला त्या विषयावर किमान तीन मिनिटे बोलण्याचा हक्क आहे. आणि याच कलमाच्या शेवटी कायद्याने स्वच्छ सांगून टाकले आहे की, बैठकीत तो विषय हाताळण्यापलीकडे निवेदनात मागितलेली अन्य कोणतीही कृती करण्यास बोर्ड बांधील नाही.

आपल्या वसाहतीत २० टक्के म्हणजे ३६ घरे. आपल्याकडे ६१ होती, म्हणजे निवेदन वैध होते. बोर्डाने ६० दिवसांच्या मुदतीत बेचाळिसाव्या दिवशी विषय घेतला, तीन मिनिटे दिली. सूचना १४ दिवस आधी लागली होती का, एवढे मात्र तपासून पाहावे. ती लागली असेल, तर अध्यक्षांचे "आभारी आहोत" कितीही कोरडे वाटले तरी त्यात बेकायदा काही नाही. निवेदनाने आपण जे विकत घेतले ते आपल्याला पूर्ण मिळाले, आणि ते म्हणजे सुनावणी.

गिरगावच्या सोसायटीची आठवण आपल्याला झाली ते साहजिक आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात सोसायटी म्हटले की सर्वसाधारण सभा सर्वोच्च आणि समिती तिची ताबेदार, असे चित्र पक्के असते. ते चित्र हवेतले नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ मध्येच संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असल्याचे म्हटले आहे. एचओएची घडण वेगळी आहे. ती बहुधा नफा न कमावणारी कंपनी असते आणि तिचा कारभार कंपनीच्या धर्तीवर चालतो. भागधारक संचालक निवडतात, पण कारखान्यात कोणते यंत्र बसवायचे यावर ते मतदान करत नाहीत. तसेच इथे सदस्यांनी बोर्ड निवडायचे आणि कारभार बोर्डाने करायचा. ज्या थोड्या गोष्टी कायद्याने किंवा वसाहतीच्या दस्तांनी सदस्यांसाठी राखून ठेवल्या आहेत, तेवढ्यांतच सदस्यांचे मत निर्णायक ठरते, बाकी सर्व बाबतींत ते सल्ल्यासारखे असते. अमेरिकेत वीस वर्षे राहिलेल्या, नोकरीत मोठ्या जागा सांभाळणाऱ्या मराठी माणसांचीही इथे गल्लत होते, असा आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून तरी अनुभव आहे.

म्हणून पहिले काम सह्यांचे नव्हे, वाचनाचे आहे. घर घेताना जो जाडजूड दस्त आपल्या हाती आला आणि बहुतेकांप्रमाणे आपणही कपाटात ठेवून दिला असेल, तो डिक्लरेशन, म्हणजे वसाहतीच्या नियमांचा मूळ दस्त, काढावा. काउंटीच्या दप्तरी नोंदलेला हा दस्त घरासोबत चालतो आणि वाचला असो वा नसो, खरेदीदाराला बांधतो. सामाईक जागेचा वापर बदलण्यास किंवा ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्चास सदस्यांच्या मताची अट त्यात आहे का, हे पाहावे. फ्लोरिडातील कॉन्डोमिनियमसाठी, म्हणजे सदनिकांच्या इमारतींसाठी, ७१८ वे प्रकरण वेगळे आहे. तिथे डिक्लरेशनमध्ये अन्य काही लिहिलेले नसेल तर सामाईक भागातील मोठ्या फेरबदलांना ७५ टक्के मतांची मंजुरी लागते. ७२० व्या प्रकरणात एचओएंसाठी असे सरसकट संरक्षण नाही. कॉन्डोत राहणाऱ्या एखाद्या मित्राने "आमच्याकडे तर बोर्डाला असे करताच येत नाही" असे सांगितले असेल, तर तो आपल्या जागी खरे बोलत आहे, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही. आपल्या डिक्लरेशनमध्ये मात्र अशी अट सापडली, तर निवेदनाची गरजच उरत नाही, कारण मग बोर्डाचा ठराव अधिकाराबाहेरचा ठरतो.

सोबत आणखी एक गोष्ट करावी. कोर्टाच्या कामाचे दरपत्रक, कंत्राट आणि बैठकांची इतिवृत्ते पाहायला मागणारे लेखी पत्र संघटनेला पाठवावे. अशा पत्रानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत दप्तर पाहू देणे संघटनेवर बंधनकारक आहे आणि जाणूनबुजून टाळल्यास दिवसाला ५० डॉलरप्रमाणे, दहा दिवसांपर्यंत, भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण संघटनांचे रोजचे काम पाहणाऱ्या मॅनेजमेंट कंपन्या या कलमाला बऱ्यापैकी वचकून असतात. यासाठी शेजाऱ्यांची सही लागत नाही, आपली एकट्याची पुरे.

डिक्लरेशनमध्ये काही सापडले नाही, तर तीन वाटा उरतात. प्रत्येकीचा आकडा वेगळा आहे. दस्तांत वेगळे प्रमाण नसेल तर १० टक्के मतांच्या, म्हणजे आपल्याकडे १८ घरांच्या मागणीवरून सदस्यांची विशेष सभा बोलावता येते. आकडा लहान असल्याने ही वाट मोहात पाडते. परंतु सभेच्या सूचनेत जो हेतू लिहिला असेल त्याबाहेरचे काही त्या सभेत घेता येत नाही. दस्तांत याहून लहान आकडा नसेल तर ३० टक्क्यांची गणसंख्या लागते, म्हणजे ५४ घरे हजर किंवा मुखत्यारपत्राने प्रतिनिधित्व केलेली हवीत. आणि कोर्टाचा निर्णय जर डिक्लरेशनने बोर्डाकडे सोपवला असेल, तर सभेने एकमताने केलेला ठरावही बोर्डाला सल्ल्याइतकाच ठरेल. दुसरी वाट डिक्लरेशनच बदलण्याची. दस्तात अन्य प्रमाण दिलेले नसेल तर त्यासाठी एकूण मतांपैकी दोन-तृतीयांश, म्हणजे १२० घरे लागतात. एका टेनिस कोर्टासाठी १२० घरे गोळा होतील असे आम्हाला वाटत नाही.

तिसरी वाट रिकॉलची, म्हणजे बोर्डाच्या सदस्यांना मुदतीपूर्वी परत बोलावण्याची, आणि इथे मात्र सह्यांना खरी धार आहे. फ्लोरिडात एचओएच्या संचालकाला कारण देऊन वा न देता, एकूण मतांच्या बहुमताने परत बोलावता येते आणि त्यासाठी सभेचीही गरज नाही, लेखी संमतीपत्रावरील सह्या चालतात. आपल्याकडे त्यासाठी ९१ घरे हवीत. पाचांपैकी तिघांना किंवा अधिकांना हटवायचे असेल तर तेवढीच बदली नावे त्याच कागदावर द्यावी लागतात. कागद संघटनेला रीतसर बजावले गेले की बोर्डाने पाच पूर्ण कामकाजाच्या दिवसांत बैठक घेऊन रिकॉल मान्य करायचे किंवा त्याला आव्हान द्यायचे. बोर्डाने मुदतीत बैठकच घेतली नाही, तर रिकॉल आपोआप लागू होते. निवेदनाला "आभारी आहोत" म्हणून पुढचा विषय पुकारता येतो, रिकॉलला तसे करता येत नाही.

पण जुन्या ९७ सह्यांची पाने रिकॉलला जोडण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्यावा. त्या सह्या टेनिस कोर्टासाठी होत्या, कोणाला हटवण्यासाठी नव्हत्या, आणि पहिल्याच फेरीत त्या बाद होतील. दुसरे असे की आपल्या लोकांत, आणि अमेरिकन शेजाऱ्यांतही, पुष्कळ सह्या भिडेखातर होतात. दारात उभा राहिलेला ओळखीचा माणूस, हातात पेन, आत गॅसवर दूध. सही करून टाकण्यात त्रास कमी असतो. तोच माणूस शेजारच्याच बोर्ड सदस्याला घरी पाठवण्याच्या कागदावर सही करताना दोनदा विचार करतो. केलेली सही मागे घेण्याचीही सोय कायद्यात आहे, मात्र तसे लेखी पत्र रिकॉलचे कागद संघटनेला बजावले जाण्याआधी पोहोचले पाहिजे. म्हणून ९१ वर थांबणे धोक्याचे असते. थकबाकीमुळे ज्या घरांचा मताधिकार निलंबित झाला आहे, ती घरे एकूण संख्येतून वजा होतात, तेव्हा आधी ती यादी मागवून घ्यावी आणि मगच आकडा पक्का करावा.

रिकॉल करावे की नाही, हे आम्ही सांगणार नाही. खासगी मत विचाराल तर एका कोर्टापायी पाच शेजाऱ्यांना हटवण्याऐवजी पुढच्या वार्षिक निवडणुकीत आपल्यापैकी दोघांनी उभे राहावे, आणि तोवर बोर्डाकडे एवढेच मागावे की चारांऐवजी दोन पिकलबॉल कोर्टे करून उरलेली जागा मोकळी ठेवावी. तीन मिनिटांच्या भाषणात ही मागणी कोणी केल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही.

प्रश्न २

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे १२० टाउनहाउसच्या वसाहतीत राहतो. अकरा दिवसांपूर्वी संघटनेची सूचना आली की प्रवेशद्वाराशी पादत्राणे, चपलांचे कपाट, कुंड्या किंवा दारावर कोणतीही सजावट ठेवता येणार नाही, असा नवा नियम बोर्डाने मंजूर केला आहे. आमच्या दारावर बारा महिने तोरण असते. चपला घरात नेण्याची तर आम्हाला सवयच नाही. आठ घरे सही करायला तयार आहेत. शेजारी म्हणतात, याच कागदावर मासिक वर्गणीतील १५ टक्के वाढ आणि वाळवीचा मुद्दाही घालू, कारण बोर्ड पूर्ण इमारतीला धुरी देण्याऐवजी फक्त लागलेल्या जागी औषध मारत आहे. आठ सह्यांवर काही होईल का?
एक वाचक भगिनी, फ्रीमाँट

उत्तर

आठ सह्यांवर आपल्याकडे टँपाच्या ९७ सह्यांपेक्षा जास्त होऊ शकते, मात्र एकाच मुद्द्यावर आणि तेही पुढच्या एकोणीस दिवसांतच.

कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेतील कलम ४३६५ प्रमाणे पाच टक्के घरांचे मालक बोर्डाने केलेला नियमबदल उलटवण्यासाठी सदस्यांचे विशेष मतदान मागू शकतात. १२० घरांत ती संख्या सहा होते. अट अशी की संघटनेने बदलाची सूचना दिल्यापासून ३० दिवसांच्या आत मागणी पोहोचली पाहिजे. ती संघटनेच्या वार्षिक धोरणपत्रकात ज्या व्यक्तीचे नाव दिले असेल तिच्याकडे, आणि नाव नसेल तर अध्यक्ष किंवा सचिवांकडे द्यावी. सह्या गोळा करण्यासाठी सदस्यांची यादी मागितली तर हेतू गैरलागू असल्याचे कारण देऊन संघटनेला ती नाकारता येत नाही. मुदत टळली की हा दरवाजा बंद होतो, मग ऐंशी घरे सही करोत.

मागणी रीतसर असेल तर इथे बोर्डाला केवळ ऐकून घेऊन भागत नाही, मतदान घ्यावेच लागते. दस्तांत अधिक प्रमाण सांगितलेले नसेल तर गणसंख्या पूर्ण झाल्यावर पडलेल्या मतांच्या बहुमताने नियम उलटतो. हे मतदान गुप्त असते. मतपत्रिका एका लिफाफ्यात आणि तो लिफाफा सहीच्या दुसऱ्या लिफाफ्यात, अशी पद्धत आहे. म्हणूनच आठ सह्यांचा आनंद जपून मानावा. सही सर्वांदेखत होते, मत कोणालाच दिसत नाही, आणि चपलांच्या ढिगाचा मनातून कंटाळा आलेले शेजारी सही देऊनही मत दुसरीकडे टाकू शकतात. यश आले तरी त्याला मर्यादा आहे. उलटवलेला नियम बोर्डाला एक वर्ष पुन्हा करता येत नाही, परंतु त्याच विषयावर वेगळा नियम करायला मोकळीक असते. सर्व वस्तूंवरील बंदी उलटली आणि पुढच्या महिन्यात "दारात चपलांचे दोनच जोड" असा नियम आला, तर आपल्याला पुन्हा पहिल्यापासून सह्या मागाव्या लागतील. मंजुरीपूर्वी किमान २८ दिवस नियमाचा मसुदा सदस्यांना कळवला होता का, हेही पाहावे. तो कळवला नसेल तर भांडण नियमाच्या योग्यतेवर न नेता कार्यपद्धतीवर नेता येते, आणि ते सोपे असते.

तोरणाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती या निवेदनात घालूच नये. धार्मिक श्रद्धेने दारावर किंवा दाराच्या चौकटीवर लावलेल्या वस्तूवर संघटनेला बंदी घालता येत नाही, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. सर्व वस्तू मिळून ३६ इंच बाय १२ इंच इतक्या आकारापर्यंत हे संरक्षण आहे. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या झेंडूच्या लांब माळा या मापात बसणार नाहीत, पण चौकटीवरचे आंब्याच्या पानांचे बेताचे तोरण बसू शकेल. टेप घेऊन मोजून पाहावे. कायद्याने जे आधीच आपले आहे ते शेजाऱ्यांच्या मताला घालण्याचे कारण नाही, कारण ते मतदान हरलात तर विनाकारण वातावरण बिघडेल. चपलांचे कपाट आणि उंबऱ्यापुढची रांगोळी यांना हे संरक्षण नाही. त्या वस्तू दारावर नसून बहुधा सामाईक जागेत असतात.

वर्गणी आणि वाळवी हे दोन्ही मुद्दे गाळावेत. वर्गणीची रक्कम ठरवणे आणि सामाईक भागाची देखभाल यांना नियम उलटवण्याचे हे कलम लागूच होत नाही. नियमित वर्गणी मागच्या वर्षापेक्षा २० टक्क्यांपर्यंत वाढवणे हे सदस्यांच्या मतदानाशिवाय बोर्डाच्या अधिकारात असते, तेव्हा १५ टक्क्यांवर सह्यांचा काही इलाज नाही. अंदाजपत्रक मागवून वाढ कशाने झाली हे विचारणे, एवढे करता येईल आणि ते करावे.

वाळवीवर तर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निकालच आहे. ला होया शोअर्स येथील एका इमारतीत नेमका आपलाच वाद होता. बोर्डाने लागलेल्या जागी औषध मारण्याचे धोरण ठेवले होते, एका सदनिकाधारक महिलेला पूर्ण इमारतीला धुरी हवी होती, आणि खालच्या दोन न्यायालयांची मते जुळली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाच्या बाजूने कौल देताना जो निकष घातला तो आजही वापरला जातो. बोर्डाने वाजवी चौकशी करून, सद्भावनेने आणि संघटनेच्या हिताचा विचार करून, आपल्या अधिकारात देखभालीचा निर्णय घेतला असेल, तर न्यायालय त्या जागी स्वतःचा निर्णय बसवणार नाही. म्हणजे आपल्या हाती राहणारा प्रश्न असा की बोर्डाने चौकशी केली होती का. तज्ज्ञाचा अहवाल घेतला का, तो कधीचा आहे, त्यात काय सुचवले आहे, हे लेखी विचारावे. अहवाल नसल्याचे उत्तर आले तर ते पत्र जपून ठेवावे.

प्रश्न ३

मी कोथरूडमधील गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव आहे. समितीच्या कारभाराला कंटाळून आम्ही एक-पंचमांशाहून अधिक सदस्यांच्या सह्या जमवल्या आहेत. विशेष सर्वसाधारण सभा बोलावून अध्यक्ष व सचिवांना पदावरून दूर करावे, तसेच सदनिका भाड्याने देणाऱ्यांचे बिनभोगवटा शुल्क दुप्पट करावे, असे दोन ठराव मांडायचे आहेत. सर्वसाधारण सभा सर्वोच्च असल्याने अडचण येऊ नये, असे वाटते.
एक वाचक, पुणे

उत्तर

आपल्या सह्यांनी सभा नक्की होईल, पण दोन्ही ठराव टिकणार नाहीत.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७६ प्रमाणे एक-पंचमांश सदस्यांची लेखी मागणी आल्यापासून एक महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलावणे समितीला भाग आहे आणि तिने ती न बोलावल्यास निबंधक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेली व्यक्ती ती बोलावू शकते. टँपाच्या वाचकांना हे वाचून हेवा वाटेल. परंतु कलम ७२ मधील सर्वोच्चता अधिनियम आणि नियमांच्या अधीन राहून आहे, हे आपण सचिव होतात म्हणजे आपल्याला सांगायला नको. पदाधिकाऱ्यांवरील अविश्वासाची वाट अधिनियमात स्वतंत्रपणे आखून दिली आहे. ती मागणी समितीच्याच किमान एक-तृतीयांश सदस्यांनी निबंधकांकडे करायची असते आणि मतदानही समितीत होते. सर्वसाधारण सदस्यांच्या सह्या कितीही असल्या तरी त्या वाटेवर त्यांचा उपयोग नाही. समितीतील काही सदस्य आपल्या बाजूचे असतील तर त्यांच्याशी बोलावे. कोणीच नसेल आणि तक्रार हिशेबाची किंवा गैरव्यवहाराची असेल, तर एक-पंचमांश सदस्यांना कलम ८३ खाली निबंधकांकडे चौकशीचा अर्ज करता येतो. हाती असलेल्या सह्यांचा आकडा तिथे कामी येईल, अर्थात कागद मात्र नवा करावा लागेल.

बिनभोगवटा शुल्काचे तर सभेत बोलूही नये. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हा शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे आणि सभेत हजर असलेल्या सर्वांनी हात वर केले तरी त्याच्यापुढे ठराव चालत नाही. उलट, भाड्याने देणाऱ्या सदस्यांपैकी ज्यांनी आपल्या अर्जावर सही केली असेल, त्यांना हा दुसरा मुद्दा वाचून दाखवला होता का, याचा आपण शोध घ्यावा.

विशेष सभेत सूचनेतील विषयापलीकडे काही घेता येत नसल्याने अर्जात हेतू नेमका लिहावा. "समितीच्या कारभारावर चर्चा" असे मोघम लिहिण्याऐवजी कोणत्या वर्षाचे हिशेब, कोणते कंत्राट, कोणता खर्च सभेपुढे ठेवायचा आहे ते मांडावे. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. सचिव पोच द्यायला टाळाटाळ करत असतील तर तो स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती फाईलला लावावी आणि महिना त्या पावतीवरच्या तारखेपासून मोजावा.